लिहायला वेळ मिळतो कधी? मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाईत माझं मेडिकलचं दुकान आहे. सकाळी साडेआठला शटर वर, रात्री दहाला खाली. मधल्या काळात औषधं विकतो आणि जमेल तशा कथा लिहितो. दुसरी गोष्ट गावाला कळायला बरीच वर्षं लागली. कळल्यापासून मात्र लोक खोकल्याचं औषध घेता घेता हळूच म्हणतात, "भाऊ, मला पण लिहायचंय, पण..." त्या 'पण'च्या पुढे येतं ते बहुतेक वेळा तेच असतं. मागे उभं असलेलं गिऱ्हाईक चुळबुळ करतं आणि माझं उत्तर अर्धं राहतं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं.

एवढ्या धबडग्यात तुम्हाला वेळ मिळतो तरी कधी?

मिळत नाही. हे आधीच कबूल करतो, कारण 'वेळ काढला की निघतो' असं छातीठोक सांगणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांच्या घरचं दळण बहुतेक दुसरंच कोणीतरी आणत असतं.

सकाळी नऊ ते एक ओपीडीची गर्दी. इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात केज, धारूर, परळी, रेणापूरकडून पेशंट येतात. नातेवाईक चिठ्ठी हातात घेऊन दुकानादुकानात भाव विचारत हिंडतात. संध्याकाळी सहाला पुन्हा तेच. मधे तीन ते साडेचार उन्हाचं रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. हा दीड तास लिहिण्याचा, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पहिली दोन वर्षं मी रोज त्या दीड तासाची वाट बघितली. तो आला की होलसेलरला ऑर्डर लावायची असायची, एक्स्पायरी जवळ आलेला माल बाजूला काढायचा असायचा, नाहीतर भाकरी खाऊन डोळ्यावर झापड यायची. दोन वर्षांत पाऊण कथा झाली, ती पण वाईट.

मग एका आठवड्याचा हिशोब मांडला. खरंच मांडला, उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर. एक गिऱ्हाईक गेल्यावर दुसरं येईपर्यंत किती मिनिटं जातात, ते लिहीत गेलो. चार, सहा, दोन, अकरा, पाच. सलग दीड तास एकाही दिवशी सापडला नाही. पण अशा फटी दिवसाला पंधरा-वीस निघाल्या, आणि त्या सगळ्या मी फोनवर अंगठा सरकवत घालवत होतो.

आता पॅडबद्दल सांगतो. औषध कंपन्यांचे एमआर, म्हणजे विक्री प्रतिनिधी, येतात, ते पेन आणि पॅड देऊन जातात. पॅडच्या वरच्या बाजूला ॲसिडिटीच्या गोळीचं नाव, खाली कंपनीचा पत्ता, मधे तळहाताएवढी पांढरी जागा. त्यात आठ-दहा ओळी बसतात. एक पॅड गल्ल्याजवळ ठेवलं, एक फ्रिजवर (इन्सुलिन काढायला दहादा उठावं लागतं) आणि एक मोटरसायकलच्या डिकीत. माझी पहिली बरी जमलेली कथा अशा त्रेचाळीस कागदांवर लिहिलेली आहे, आणि त्रेचाळीसही कागदांवर 'जेवणाआधी एक' असं छापलेलं आहे.

तुमच्या कामात अशा फटी कुठं आहेत ते मला सांगता येणार नाही. एसटी फलाटाला लागेपर्यंत असतील, चक्कीवर नंबर येईपर्यंत असतील, पोराची ट्यूशन सुटेपर्यंत गेटवर असतील. आठवडाभर टिपून बघा. न टिपता 'मला अजिबात वेळ नाही' म्हणणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. टिपून म्हणणाऱ्यावर ठेवतो. असेही लोक आहेत.

रोज किती लिहायचं?

पॅडचा एक कागद, म्हणजे ऐंशीएक शब्द. वर्षातले तीनशे दिवस धरले तर चोवीस हजार शब्द होतात. त्यातले निम्मे फेकायचेच असतात. उरलेल्यात तीन-तीन हजार शब्दांच्या चार कथा. दिवाळी अंकात वर्षाला चार कथा येणं म्हणजे माझ्यासारख्याला सण आहे.

आमच्या गावात संतकवी दासोपंत होऊन गेले, १५५१ ते १६१५. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी कापडावर लिहिलं. ती चाळीसेक फुटांची पासोडी आजही अंबाजोगाईत आहे. कोणी फार लिहिलं म्हणून फुशारकी मारायला लागलं, की मी त्याला ती बघून यायला सांगतो.

मूडच लागत नाही. काय करू?

लहानपणी आमच्याकडं दुभतं होतं. आई रात्री दह्याचं भांडं घासायला टाकण्याआधी चमचाभर दही वाटीत काढून ठेवायची. पाहुणे येवोत, कढीला दही कमी पडो, त्या वाटीला हात लावायचा नाही. मी एकदा ती चाटूनपुसून खाल्ली. त्या रात्री आईला तीन घरं पलीकडं विरजण मागायला जावं लागलं, आणि त्या काकूंनी दिलेलं विरजण असं आंबटढाण निघालं, की घरातलं दही चार दिवस कोणी तोंडात घेईना.

लिहिताना मी तेच करतो. सुचलेलं सगळं एका बैठकीत संपवत नाही. पुढची गोष्ट पक्की ठाऊक असते तिथंच थांबतो, आणि शक्यतो वाक्य अर्धं ठेवून. परवाच्या कागदावरची शेवटची ओळ अशी होती: 'तिनं पिशवीतून चिठ्ठी काढून काउंटरवर ठेवली. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला' एवढ्यात एक जण ओआरएस मागायला आला. मला वाक्य पुरं करता आलं असतं, ओआरएसचं पाकीट काढायला कितीसा वेळ लागतो! मुद्दाम ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, अगरबत्ती लावली आणि कागद समोर घेतला. मागच्या बाजूला काय होतं हे लिहायला मूड लागला नाही, नुसता पेन लागला.

मूडची तक्रार करणाऱ्यांत मला दोन जातीची माणसं दिसतात. एक जण दर वेळी नव्यानं सुरुवात करतो. त्याच्याकडं विरजणच नसतं, तो रोज तीन घरं पलीकडं मागायला जातो; आज ही कविता वाचून सुचलं, उद्या तो सिनेमा बघून सुचलं. त्याला सांगायचं ते मी वर सांगितलं. दुसऱ्याकडं अर्धी कथा पडलेली असते, पण तिच्याकडं बघवत नाही. तीन-तीन आठवडे असं झालं तर मी मूडला दोष देत नाही. कथेत मागे कुठंतरी मी खोटं लिहिलेलं असतं. एकदा मी एका सासूला उगाच दुष्ट केलं होतं, कारण पुढं भांडण हवं होतं. कथा अडून बसली. सासूला बोलायला दोन कागद दिले, तिची बाजू तिच्या तोंडून येऊ दिली, तेव्हा गाडी हलली.

आणि एक गोष्ट दुकानदार म्हणून सांगतो. झोप येत नाही, जेवण जात नाही, ज्यात मन रमायचं त्यातही रमत नाही, असं दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर तो लिहिण्याचा प्रश्न नव्हे. डॉक्टरला दाखवा. माझ्याकडं झोपेची गोळी मागू नका, चिठ्ठीशिवाय मी ती देत नाही.

पहाटे लिहावं की रात्री?

ज्या वेळी तुम्हाला कोणी हाक मारत नाही, त्या वेळी. पहाटे चारला उठून लिहिणारे थोर आहेत, मी त्यांच्यातला नाही.

केजकडचा एक तरुण शेतकरी माझ्याकडं फवारणीनंतर डोळ्यांत घालायचे थेंब न्यायला यायचा, तसा ओळखीचा झाला. कविता करतो. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात तो बारा वाजता मोटर चालू करून हरभऱ्यात दारं धरायला जातो. पाणी सरीच्या टोकाला पोचेपर्यंत बसायचं, मग फावड्यानं माती ओढून दारं मोडायचं, पुढची सरी लावायची. एका सरीला एक कडवं, असं त्याचं माप आहे. हात चिखलाचे असतात म्हणून फोन बांधावर ठेवून बोलून रेकॉर्ड करतो. त्यानं मला एक रेकॉर्डिंग ऐकवलं. कविता दोन मिनिटांची, तिच्यामागं पाण्याचा आवाज, लांब कुठंतरी कुत्रं, आणि मधेच त्याची शिवी: पाणी फुटून शेजारच्या वावरात गेलं होतं. मला ती शिवी कवितेपेक्षा आवडली. त्याला सांगितलं तर तो चिडला. सहा महिन्यांनी नवी कविता घेऊन आला, तिच्यात पाणी शेजारच्या वावरात फुटलेलं होतं.

घरातलं सगळं बघून बाईनं कधी लिहायचं?

हा प्रश्न मला बायका विचारतात तेव्हा मी जरा गप्प होतो, कारण मी तीन पॅडांची बढाई मारत असतो त्या वेळी माझ्या घरचा स्वयंपाक झालेला असतो आणि तो मी केलेला नसतो.

अशा वेळी आपल्याकडं लगेच जनाबाईचं नाव काढतात. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरी दळणकांडण करता करता अभंग रचायची, मग तुम्हाला काय झालं? मला हे पटत नाही. जनाबाई मोठी होती यात शंका नाही. पण तिला जातं सुटलं नाही, ही काही तिच्या घरच्यांची कौतुकाची बाजू नव्हे. तिच्या अभंगांत देव स्वतः येऊन दळू लागतो. कोणीतरी दळू लागलं पाहिजे, ही तिचीच मागणी आहे, ती जरा नीट ऐका.

म्हणून मी बाईला वेळेचं तंत्र सांगत नाही, घरच्यांना सांगतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड तास चहा, दार, पोरं, सासऱ्यांच्या गोळ्या, सगळं दुसऱ्या कोणीतरी बघायचं. एवढंच.

घरचे ऐकत नसतील तर? आमच्याकडं एक आशाताई येतात, गरोदर बायकांच्या भेटी, लसीकरण असली कामं करतात. त्या फार देखणं गद्य लिहितात. त्यांनी घरी सांगून ठेवलंय की मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊ ते दहा ऑनलाइन रिपोर्ट भरायचा असतो, हुकलं तर मानधन कापतात. त्या तासात घरातलं कोणी त्यांना हाक मारत नाही. "कथा लिहितेय म्हटलं असतं तर दहा वेळा मीठ कुठंय विचारलं असतं," असं म्हणून हसतात. खोटं बोलावं असं मी सांगणार नाही. त्यांना मात्र मी काही बोललो नाही.

सुगीत, लग्नसराईत, परीक्षांच्या दिवसांत लिहिणं तुटतं. मग परत सुरूच होत नाही.

तुटू द्या. सोयाबीन काढायच्या दिवसांत, आभाळ भरून आलेलं असताना गंजीवर ताडपत्री टाकायची सोडून कोणी कथा लिहीत बसला, तर तो मला लेखक म्हणून आवडणार नाही आणि शेजारी म्हणून तर नाहीच. ऊसतोडीला जाणारी घरं दसऱ्यानंतर निघतात ती पाडव्याच्या आसपास परततात. त्या पाच-सहा महिन्यांत त्यांच्या पोराला वही उघडायला मिळत नाही हे मी डोळ्यांनी बघतो. तिथं 'रोज लिहा' हा सल्ला म्हणजे थट्टा आहे.

परत यायची वाट आधीच करून ठेवा. वडील आजारी होते तेव्हा मी आठ महिने एक ओळ लिहिली नाही. रोज फक्त एक शब्द किंवा एक नाव कॅलेंडरच्या चौकोनात टाकायचो. 'सलाईनची बाटली.' 'सांज्याचा वास.' 'बहिणीची चप्पल.' वडील गेले, दिवस झाले, पाहुणे पांगले. कागद काढले तर हे कोणी लिहिलंय तेच ओळखेना. पुढचं वाक्य सुचायचा तर सवालच नव्हता. तेव्हा मी शेवटचे तीन कागद जसेच्या तसे नव्या पॅडवर उतरवून काढले, हातानं, एक अक्षर न बदलता. पहिल्या दिवशी बदलायचं नाही हे पथ्य. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच तीन. तिसऱ्या दिवशी उतरवता उतरवता हात आपोआप चौथ्या कागदावर गेला. वाचून हे होत नाही. वाचताना आपण आपल्याच लिहिण्याचे परीक्षक असतो, उतरवताना हाताला जुनी चाल आठवते.

कागदावर लिहावं की मोबाईलवर?

फरक पडत नाही, पण मोबाईलच्या दोन खोडी सांगतो. बोलून टाइप करण्याची सोय मराठीत चांगली चालते, मात्र तिला पुस्तकी बोलणं आवडतं. मी 'मपलं' (म्हणजे 'माझं') म्हणालो की माझा फोन 'आपलं' लिहितो. एका अक्षरानं माणूस आणि गाव दोन्ही बदलतात. दुसरी खोड: फोन हरवतो, पाण्यात पडतो, पोरं फॉरमॅट मारतात. दर रविवारी स्वतःलाच मेल करून ठेवा. टाइप करायचं ते युनिकोडमध्ये करा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलचा दुसऱ्याच्या मशीनवर जोडाक्षरांसकट चिवडा होतो.

आमच्या गावात काही घडतच नाही. लिहायचं कशावर?

मराठवाड्यात बसून हे म्हणायचं म्हणजे कमाल आहे. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट, रात्री गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते आणि तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर. हे सगळं घडलंय. पण खरं सांगू का, नवीन लिहिणाऱ्यांनी सुरुवातीला या मोठ्या गोष्टींच्या वाटेला जाऊ नये. भूकंपावर लिहायला घेतलं की बातमीतली वाक्यं आपोआप पेनातून उतरायला लागतात, आणि तुमचं असं काही उरत नाही.

माझ्याकडं एक म्हातारे मामा आठवडी बाजाराच्या दिवशी बीपीच्या गोळ्या न्यायचे. दहाची पट्टी. ते चार मागायचे. मी कात्रीनं पट्टी कापायचो. गोळ्यांची पट्टी कापताना एक काळजी घ्यावी लागते: एक्स्पायरीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते, ते टोक दुकानात राहिलं पाहिजे, नाहीतर उरलेल्या गोळ्या विकता येत नाहीत. म्हणजे गरिबाच्या हातात कायम बिनतारखेचा तुकडा जातो. हे मी सतरा वर्षं करत होतो आणि मला ते दिसलंच नव्हतं. एक दिवस मामांनी तुकडा उलटापालटा करून विचारलं, "ह्याच्यावर तारीख नाही का रे बाबा?" मी म्हणालो, "तारीख माझ्याकडं आहे, मामा." ते हसले. मला काही हसू आलं नाही.

त्या एका वाक्यावर मी कथा लिहिली. त्यासाठी मला कुठं जावं लागलं नाही, उलट रोज जिथं उभा होतो तिथंच जरा जास्त वेळ उभं राहावं लागलं. तुमच्या हाताला जे काम सवयीचं झालंय, कापणं, मोजणं, भरणं, लिहून घेणं, त्याची एकेक कृती सावकाश कागदावर मांडा. चक्कीवाला दळणाचा डबा कसा ओळखतो, तलाठी कार्यालयाबाहेर बसलेला अर्ज लिहून देणारा पहिला प्रश्न कोणता विचारतो, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला पोरांची संख्या कोण आणि कधी सांगतं. हे तुम्हाला ठाऊक आहे, पुण्यात बसलेल्याला नाही.

आपल्या बोलीत लिहू की शुद्ध मराठीत?

'शुद्ध' हा शब्द आधी सोडा. प्रमाण मराठी म्हणा.

आणि 'आपली बोली' म्हणजे तरी कोणती? बीडकडं 'मपलं-तुपलं', लातूर-उदगीरकडं 'काय करूलालास', परभणीकडं गेलं की 'काहून'. हा भाग १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्याच्या खुणा तोंडात आहेत: आमची आजी रुमालाला 'दस्ती' म्हणायची, आणि धान्याचा बाजार आजही 'मोंढा'च. हे शब्द काढून टाकले तर गोष्ट अनाथ होते. पण ओळीओळीत 'लई' आणि 'व्हय' पेरले म्हणजे बोली झाली, असंही नाही. टीव्हीवरचा खेडूत तसा बोलतो, आमच्या मोंढ्यातला हमाल नाही बोलत.

माझा कान असा चालतो: माणसं बोलतात तेव्हा त्यांच्या घरचं बोलू देतो, निवेदन माझ्या तोंडी जसं येतं तसं ठेवतो, आणि बोलीचा उपयोग हसवण्यासाठी करत नाही. शंका आली की ज्याच्यासारखं पात्र लिहिलंय, त्यालाच वाचून दाखवतो. एकदा दुकानात माल उतरवणाऱ्या माणसाला संवाद वाचून दाखवला. म्हणाला, "चांगलंय की. पण मालकासमोर आम्ही एवढं बोलत नसतोत." निम्मा संवाद कापला.

घरातले, गावातले लोक स्वतःला ओळखतील. भीती वाटते.

ओळखतात, आणि बहुतेक वेळा चुकीच्या पात्रात. ज्याच्यावर लिहिलं तो शांत असतो आणि ज्याचा संबंध नाही तो भांडायला येतो. नाव, धंदा, गाव बदला. आजाराबद्दल कोणी विश्वासानं सांगितलं असेल तर लिहू नका. माझ्या दुकानातल्या चिठ्ठ्यांवर अर्ध्या गावाच्या कथा आहेत, त्या मी लिहीत नाही. मामांच्या गोष्टीतसुद्धा गोळी वेगळी आहे आणि मामा वेगळे.

वाचायला वेळ नाही, नुसतं लिहिलं तर चालेल?

नाही. तालुक्याच्या गावाला सार्वजनिक वाचनालय असतं, वर्गणी किरकोळ असते. जा.

एआयकडून कथा लिहून घेतली तर?

माझ्या भाच्यानं घेतली, मराठवाड्यातल्या दुष्काळावर. मिनिटात आली. भेगाळलेली जमीन होती, आभाळाकडं बघणारा शेतकरी होता, भिंतीवर पाल होती. टँकर आल्यावर कोणाची घागर आधी लागली यावरून दोन जावांनी धरलेला अबोला नव्हता. शुद्धलेखन तपासायला वापरा, माझी हरकत नाही. पण लिहिण्याची मजा दुसऱ्याला देऊन तुमच्याकडं काय उरलं? नुसतं छापून आणण्याची दगदग.

लिहून झालं. पाठवू कुठं?

दिवाळी अंक. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून नव्या लेखकाचं दार तेच आहे. पण दिवाळीच्या तोंडावर पाठवून उपयोग नसतो. संपादक जून ते ऑगस्टमध्ये मजकूर गोळा करतात. गणपतीत पाठवलेली कथा पुढच्या वर्षाची समजा. आपल्याकडं मराठवाडा साहित्य परिषदेचं 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक आहे, तेही बघा. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. कोणी 'पुस्तक काढून देतो, एवढे पैसे भरा' म्हटलं तर त्याआधी या योजनेचा अर्ज भरा.

कथा चोरली जाईल ही धास्ती अनेकांना असते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लिहिल्या क्षणापासून हक्क तुमचाच असतो, नोंदणीची सक्ती नाही. लेखकाच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं तो राहतो. तारखेनिशी मेल जपून ठेवा म्हणजे झालं.

एक प्रत स्वतःकडं ठेवाच. मी पहिली कथा हातानं लिहून, एकच प्रत, एका अंकाकडं पोस्टानं धाडली होती. उत्तर नाही. पुन्हा कार्ड टाकलं, उत्तर नाही. कथा गेली म्हणून दुःख करून झालं. दोन वर्षांनी वाचनालयात जुने अंक चाळताना ती समोर आली. छापली होती, शीर्षक बदललं होतं, शेवटचा परिच्छेद उडवला होता आणि माझं आडनाव चुकवलं होतं. मानधनाचं तर नावच नको. मला तिथं बसून राग यायला पाहिजे होता. आला तो घरी गेल्यावर. वाचनालयात मी ती कथा उभ्यानं दोनदा वाचली आणि, सांगायला लाज वाटते, शेवट उडवला ते बरं केलं असं मला वाटलं.

चार जण मिळून लिहिलं तर फायदा होतो का?

होतो, चारच असले तर. आम्ही महिन्यातल्या पहिल्या रविवारी दुकान बंद झाल्यावर आतल्या खोलीत खोक्यांवर बसतो. प्रत्येकानं दहा मिनिटं वाचायचं, 'छान आहे' म्हणायला बंदी. मला कुठं कंटाळा आला, तेवढंच सांगायचं. व्हॉट्सॲपवरही गट काढला होता. आठवड्यात त्यावर सुप्रभातची फुलं आली. बंद केला.

रिकाम्या हातानं आलेल्याला आम्ही हाकलत नाही, पण चहा त्याच्याकडून घेतो. या एका नियमानं जेवढ्या कविता लिहून झाल्या, तेवढ्या कोणाच्या उपदेशानं झाल्या नसतील.

मघाच्या त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला काय होतं?

हा प्रश्न आशाताईंचा आहे, रविवारी मी अर्धाच कागद वाचून थांबलो म्हणून.

ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा, म्हणजे आगाऊ पैशाचा, हिशोब होता. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दसऱ्याची तारीख. पेन्सिलीनं मांडलेला, आणि खालचा आकडा दोनदा खोडून पुन्हा लिहिलेला.